अंड्यातून निघालेल्या पिल्लाचा एक डोळा उघडत नाहीये, काय करू?

रानवाट
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या. आमच्या गावठी कोंबडीची आणि शेजारच्या काकूंकडची मिळून अंडी मशीनला लावली होती (थर्माकोलच्या पेटीचं घरगुती इनक्यूबेटर आहे, वर कंट्रोलर आणि छोटा पंखा), काल रात्री आणि आज पहाटे पिल्लं फुटली. बाकीची सगळी टुणटुणीत आहेत पण एकाचा उजवा डोळा बंदच आहे. सूज अशी नाही वाटत, पापणीच्या कडेला पिवळसर काहीतरी वाळून बसलंय आणि त्यात लव चिकटलीये. डावा डोळा मात्र टपोरा, काळाभोर. चालतंय पण एका बाजूला वळत वळत, आणि ओरडतंय बाकीच्यांपेक्षा जास्त. पाणी प्यायलेलं मी तरी अजून पाहिलं नाही.
आम्ही संगमेश्वरच्या आत एका वाडीत राहतो, आज रविवार, पाऊस धो धो, दवाखाना उद्याच. सासूबाई म्हणतात दुधाचा थेंब घाल, शेजारच्या काकू म्हणतात मध घाल, नवरा म्हणतो हात लावू नकोस आपोआप उघडेल. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

अंडेबाज
तिघांचंही नको 😄 नवऱ्याचं अर्धं ऐका. आधी हे सांगा की बंद पापणीच्या खाली गोळा जाणवतो का? म्हणजे दुसऱ्या डोळ्याच्या जागी जसा फुगवटा दिसतो तसाच या बाजूला आहे की ती बाजू सपाट, खोल गेलेली आहे? आणि फोटो टाका जमलं तर, दोन्ही बाजूंनी. पेटीत टेंपरेचर किती आहे तेही लिहा.

डालगं
गो बाय, पिलाक कोंबडेच्या पोटाखाली ठेव. बल्ब नको नि औषध नको. आमच्याकडे आजपर्यंत कोणी पिलाच्या डोळ्यात थेंब घातल्यान नाय.

रानवाट
@डालगं काका, खुडूक (अंड्यांवर बसायला तयार) कोंबडी असती तर मशीन कशाला लावलं असतं हो, एकच होती ती मागच्या महिन्यात पिल्लं घेऊन फिरायला लागली.
@अंडेबाज फुगवटा आहे, दुसऱ्या बाजूइतकाच वाटतोय. फोटो टाकलाय, नेटवर्क आलं तर चढेल. पिल्लं आत्ता पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत, खाली भाताचं तूस आणि वर पेपर, साठचा बल्ब. लाईट जात होती म्हणून रात्री सासूबाईंनी खोका चुलीजवळ सरकवला होता. थर्मामीटर मशीनमधला काढून ठेवते आता.

निवृत्त_पशुधन
फोटो पाहिला. मी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात आयुष्य काढलंय, माझ्या मते हा डोळा आजारी कमी आणि चिकटलेला जास्त आहे, पण फोटोवरून निदान करणारा डॉक्टर आणि पत्रिकेवरून लग्न जमवणारा भटजी यांच्यावर एका मर्यादेपर्यंतच विश्वास ठेवावा, तेव्हा उद्या दाखवाच.

आधी पाणी. डोळ्याच्या नादात लोक हे विसरतात. पिल्लू फुटायच्या आधी पोटात बलक ओढून घेतं, त्यावर ते दोन दिवस, फार तर तीन दिवस निघू शकतं, म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांबच्या गावी पाठवता येतात. पण या दोन-तीन दिवसांत त्याला पाणी आणि दाणा कुठे आहे हे कळलं पाहिजे. एका डोळ्याचं पिल्लू बाकीच्यांच्या गर्दीत मागे पडतं, भांडं त्याच्या आंधळ्या बाजूला असेल तर शेजारून निघून जातं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकतं. घरचे म्हणतात डोळ्याने गेलं. डोळ्याने नाही जात, तहानेने जातं.

तर कोमट पाण्यात चिमूटभर गूळ विरघळवा, पिल्लू हातात घ्या, चोचीचं टोक पाण्याला नुसतं टेकवा. चोच बुडवू नका, नाकपुड्या वर चोचीच्या मुळाशी असतात तिथे पाणी जाता कामा नये. प्यायलं की ते मान वर करून गिळतं, ते दिसेल तुम्हाला. ड्रॉपरने घशात पाणी सोडायचं नाही, श्वासनळीत जातं. ड्रॉपर वापरायचाच तर चोचीच्या कडेला थेंब लटकवा, ते आपोआप आत ओढेल. दर तासा-दोन तासांनी एकदा दाखवलं तरी संध्याकाळपर्यंत शिकतं.

आता डोळा. मेडिकलमध्ये सलाईनची बाटली मिळते, एनएस म्हणायचं, ०.९ टक्के मीठवालं. डेक्स्ट्रोजवालं म्हणजे साखरेचं देतील ते घ्यायचं नाही. आज मिळत नसेल तर पाणी उकळून कोमट करून तेच वापरा. कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात, जुन्या मलमलचा किंवा धोतराचा तुकडा उकळून घ्या. पिल्लू रुमालात गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर, ओलं फडकं डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं धरून ठेवायचं. चोळायचं नाही, खरवडायचं नाही, नखाने तर अजिबात नाही. वाळलेलं मऊ झालं की फडक्यालाच चिकटून येतं. पहिल्यांदा नाही आलं तर तासाभराने परत. आणि एक लक्षात ठेवा, कोंबडीची खालची पापणी वर येऊन डोळा मिटतो, आपल्यासारखी वरची खाली येत नाही, तेव्हा सोडवायची झाली तर खालची पापणी बोटाच्या पेराने अलगद खाली. लगेच डोकं कोरडं करून उबेत सोडा, ओलं पिल्लू या हवेत गारठून जाईल.

खोका चुलीपासून लांब. ओल्या लाकडाचा धूर आहे, डोळे झोंबतात तुमचे, त्याचं काय होत असेल.

दूध, मध, हळद, बोरिक पावडर, यातलं काहीही डोळ्यात नाही. दूध आणि मध गोड असतं, चिकटतं, त्यावर तूस चिकटतं, माश्या बसतात, मग खरंच आजार होतो.

शेवग्याची_सावली
सर किती छान समजावून सांगितलंत 🙏 एक भर घालते, डोळ्यासमोर पांढरट पडदा येऊन जातो तो आजार नसतो, ती तिसरी पापणी. नाकाच्या बाजूने निघून मागे सरकते आणि परत जाते, क्षणभर डोळा दुधाळ दिसतो. आमच्या पहिल्या पिल्लांच्या वेळी माझ्या जावेने मोतीबिंदू मोतीबिंदू म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं.

अंडेबाज
तूस कोंदट आहे का तेही बघा, पावसाळ्यात पोत्यात राहिलेल्या तुसाला बुरशी धरते आणि तिचे कण छातीत आणि डोळ्यात दोन्हीकडे जातात, मग पापणीखाली पनीरसारखा पिवळा खडा होतो आणि तो नुसत्या धुण्याने जात नाही. वास घेऊन बघा, कुबट आला तर सगळं फेकून द्या आणि कोरडा लाकडी भुसा किंवा नुसतं गोणपाट घाला. पेपर गुळगुळीत असतो त्यावर पाय फाकतात, हे वेगळंच दुखणं. आणि टेंपरेचर पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ९५ फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच-पाच कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लंच सांगतात, बल्बखाली ढीग केला तर थंडी वाजतेय, भिंतीला चिकटून चोच उघडी ठेवली तर तापलंय.

रानवाट
अपडेट. पाणी प्यायलं!! गुळाचं. टेकवल्यावर आधी काहीच नाही, मग एकदम मान वर करून गटकन. सर तुमचे पाय धरते.
डोळा दुपारपर्यंत दोनदा शेकला, पिवळं निघालं, त्याबरोबर थोडी लवही आली, पापणी खालून अर्धी उघडली. आत डोळा आहे. पण काळा नाही दिसत, वरून धुरकट आहे, काचेवर वाफ धरावी तसा. ही तिसरी पापणी नव्हे, सरकत नाही, तशीच आहे. आता मात्र घाबरले.
घरात मुलाचे डोळे आले होते तेव्हाचे ड्रॉप्स आहेत, अर्धी बाटली. घालू का?

निवृत्त_पशुधन
थांबा. बाटलीवर काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर टाका इथे. आणि कधी फोडली?

रानवाट
मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामिथासोन. फोडून दोनेक महिने झाले असतील.

निवृत्त_पशुधन
कचऱ्यात. दोन कारणं. एकदा फोडलेले डोळ्याचे थेंब साधारण महिन्याभरात टाकून द्यायचे असतात. आणि दुसरं मोठं, डेक्सामिथासोन म्हणजे स्टेरॉइड. बुबुळावर ओरखडा किंवा जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरायची थांबते, उलट खोल जाते, डोळा फुटूसुद्धा शकतो. धुरकट डोळा म्हणजे बुबुळाला काहीतरी झालंय, ते काय हे बघितल्याशिवाय स्टेरॉइड नको. बीटामिथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं दिसली तरी तेच. माणसांच्या मेडिकलमध्ये "डोळे लाल झालेत" म्हटलं की बहुतेक वेळा अशी जोड औषधंच हातात ठेवतात.
आज फक्त धुणं, ऊब, पाणी, उजेड कमी. बल्बला एका बाजूने पुठ्ठा लावा म्हणजे त्याला सावलीत बसता येईल. उद्या सकाळी दवाखाना. फारच लांब असेल तर १९६२ ला फोन लावून जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचं विचारा, फोन फुकट आहे, गाडी तुमच्या भागात कधी येते ते सांगतील.

गोठ्यातून
मी जरा वाकडं बोलतो, राग मानू नका. गावठी पिल्लाची किंमत किती, आणि त्याच्यासाठी भर पावसात दवाखाना, रिक्षा, औषध? आमच्या आजीने टोपलीत अशी कितीक पिल्लं बघितली, जगलं तर जगलं.

रानवाट
@गोठ्यातून दादा, राग नाही. रिक्षाला दीडशे लागतील आणि पिल्लाची किंमत त्याहून कमी, हिशोब मलाही येतो. पण माझी सात वर्षांची मुलगी खोक्याशेजारी बसलीये, तिला हा हिशोब तुम्ही येऊन समजवा.

शेवग्याची_सावली
😂😂 @गोठ्यातून या आता संगमेश्वरला.

टेक्सासची_मावशी
इथे डॅलसजवळ आमच्या मागच्या अंगणात सहा कोंबड्या आहेत, त्यातली एक एकाक्ष. पिल्लू असताना दुसऱ्या पिल्लाने डोळ्यात टोचलं होतं. आता अंडी घालते, इतरांवर दादागिरी करते, फक्त तिच्या बंद बाजूने जाताना मी आधी तोंडाने आवाज करते नाहीतर दचकून फडफडते आणि सगळ्या कळपाला उडवते. तेव्हा एक डोळा गेला तरी संसार होतो हो. इथे पूर्वी फार्म स्टोअरमध्ये डोळ्याचं अँटिबायोटिक मलम शेल्फवर मिळायचं, जून २०२३ पासून व्हेटच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि कोंबडी बघणारा व्हेट शोधायला गेलं तर फी ऐकूनच आपले डोळे पांढरे होतात. तुमच्याकडे सरकारी दवाखान्यात कोंबडीला बघतात हे मोठं सुख आहे, जा नक्की.

जीवशास्त्राचा_तास
उजवा डोळा म्हणालात म्हणून आठवलं. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिल्लू असं बसतं की उजवा डोळा कवचाकडे आणि डावा अंगाखाली दबलेला. त्यामुळे कवचातून येणारा उजेड उजव्या डोळ्यालाच जास्त लागतो, आणि पुढे पिल्लू उजव्या डोळ्याने दाणा आणि खडा यातला फरक जास्त चांगला ओळखतं, डाव्याने वरून घार वगैरे येतेय का यावर लक्ष ठेवतं. यावर बरेच प्रयोग झालेत. म्हणून हे पिल्लू सुरुवातीला तुसात कुठेही चोच मारेल, वेंधळं वाटेल, त्याला वेळ द्या. दाणा सरळ पेपरवर टाकून त्यावर बोटाने टकटक करा, कोंबडी चोच आपटून पिल्लांना बोलावते तसं. पिल्लं टकटकीकडे धावतात, बघावं लागतंच असं नाही.

रानवाट
टकटक चालतेय! मुलीला काम मिळालं. तांदळाची कणी बारीक करून त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करलाय, पिवळ्यावर बरोबर चोच मारतंय. कोंबडीच्या पिल्लाला अंडं खायला घालतेस म्हणून सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

अंडेबाज
बलक उत्तम, पण थोडाच आणि दर वेळी ताजा, पावसात तासाभरात आंबतो. आणि कणीवर ठेवू नका फार दिवस, चिक स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य) आणा. नुसत्या तांदळात अ जीवनसत्त्व नसतं. हे तुमच्या मोठ्या कोंबड्यांनाही लागू, कोंबडीच्या अंगात अ कमी असेल तर अंड्यातही कमी आणि पिल्लाला डोळ्याचा त्रास. तुमच्या कोंबड्या मोकळ्या फिरतात ना? मग हिरवं खातातच. बंदिस्त असतील तर शेवग्याचा पाला, पिवळा मका, कोथिंबिरीच्या काड्या काहीही चालेल.

पाचशे_पिल्लं
ताई धाग्यात घुसतोय, आमचा प्रश्न पण डोळ्याचाच हाय. मी मिरजेकडचा. गिरीराज जातीची पिल्लं आणली एका हॅचरीतनं, गाडीतनं उतरवली तवाच निम्म्यांचे डोळे अर्धे मिटलेले, पाणी येतंय, पंखावर डोळा घासतायत. हॅचरीवाला म्हणतोय प्रवासानं झालंय. आता ब्रूडरमधी (उबेच्या जागेत) टाकून तिसरा दिवस, थोडी बरी झाली पण काही अजून उजेडाकडं तोंड करंनात. मर नाही फारशी. काय समजायचं?

निवृत्त_पशुधन
@पाचशे_पिल्लं गाडीतून उतरतानाच होतं म्हणजे मूळ तुमच्या शेडमधलं नाही. हॅचरीत पिल्लं फुटायच्या पेटीत जंतू मारायला फॉर्मेलिनचा धूर देतात, पोटॅशियम परमँगनेट घालून. प्रमाण किंवा वेळ चुकली की पिल्लांचे डोळे जळतात, दोन्ही डोळे, एकदम बऱ्याच पिल्लांचे. बहुतेक आपोआप बरी होतात जर पुढे त्यांना आणखी कसला त्रास झाला नाही तर. आणि आणखी त्रास म्हणजे अमोनिया.
एक करून बघा, शेडमध्ये उभं राहून वास घेऊ नका, उकिडवे बसा, तोंड पिल्लांच्या उंचीला न्या, पाच मिनिटं थांबा. नाकात झोंबलं, डोळ्यात पाणी आलं तर तो अमोनिया, ओल्या लिटरमधून, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसा-भुशातून येतो, आणि पिल्लं चोवीस तास त्याच उंचीला राहतात. ऊब टिकवायला लोक पडदे गच्च बांधतात तिथेच घोळ होतो. पडदा खाली बंद, वर वीतभर उघडा, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं लिटर रोज काढा, बाकीचं लिटर हलवत राहा.
यातल्या कशानेच फरक नाही पडला आणि डोळ्यात फेस, शिंका, घरघर सुरू झाली तर मात्र सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मा जंतूचा श्वासाचा आजार, मनात धरा. तो आईकडून अंड्यातूनच येतो, औषधाने दबतो पण पक्षी वाहक राहतो. एक-दोन नुकती मेलेली पिल्लं पिशवीत बर्फ घालून पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवायची, तुम्हाला शिरवळचं जवळ पडेल. अंदाजाने पाण्यात अँटिबायोटिक टाकत बसू नका. कोणी कोलिस्टिन देत असेल तर त्यावर २०१९ पासून बंदी आहे, आणि क्लोरॅम्फेनिकॉल अंडी-मांसाच्या पक्ष्यांत चालत नाही.

पाचशे_पिल्लं
बसून बघितलं सायेब. दोन मिनिटात उठलो, बसवंना. पडदे वरनं सोडलेत, कडंचं लिटर बदलतोय आजच. आभारी हाय.

रानवाट
दवाखान्यात जाऊन आलो. खोक्यात गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली होती, वर भोकं पाडलेली टोपली, मुलगी मांडीवर घेऊन बसली. डॉक्टर तरुण आहेत, हसले नाहीत हे विशेष. त्यांनी टॉर्चने तिरपा उजेड टाकून बघितलं, मग एक पिवळी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, निळा लाईट मारला तर बुबुळावर एक हिरवी रेघ चमकली. म्हणाले ओरखडा आहे, बहुतेक चिकटलेल्या पापणीखाली काहीतरी कण अडकला होता किंवा पेटीत दुसऱ्या पिल्लाचं नख लागलं. धुरकटपणा त्या ओरखड्याभोवतीची सूज. टोब्रामायसिनचे साधे थेंब दिले, स्टेरॉइड नसलेले (मी विचारलं, ते जरा चकित झाले 😊), दिवसातून चारदा एक एक थेंब, आणि घालायच्या आधी सलाईनने धुवायचं. पाण्यातून जीवनसत्त्वाचं औषध थेंबभर. बाटलीवर प्रमाण शंभर पिल्लांचं लिहिलंय, एका पिल्लासाठी घरीच जास्त ओतू नका असं बजावून सांगितलं, अ जीवनसत्त्व अंगात साठतं.
वेगळं ठेवायचं का विचारलं तर म्हणाले संसर्गाचं वाटत नाही पण बाकीची टोचतील.

शेवग्याची_सावली
टोचतातच. चमकणारं, ओलं काही दिसलं की चोच मारायची हा त्यांचा स्वभाव. पण एकटं ठेवू नका गं, एकटं पिल्लू ओरडून ओरडून दमतं आणि खात नाही. आम्ही खोक्यात मध्ये जाळी लावतो, आणि त्याच्या बाजूला सगळ्यात गरीब स्वभावाचं एक पिल्लू सोबतीला. पाण्याचं भांडं उथळ, त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे, म्हणजे चुकून पाय पडला तरी बुडणार नाही. आणि भांडी एकदा ठेवली की जागा बदलायची नाही, आंधळी बाजू असलेलं पिल्लू जागा पाठ करतं.

टेक्सासची_मावशी
आणि हात धुवा!! मुलीचे विशेष करून. पिल्लं कितीही गोंडस असली तरी साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, पिल्लाची पापी नाही घ्यायची.

रानवाट
पापी घेऊन झाली आहे मावशी. साबणाने तोंड धुतलंय.

कौलारू
मी नेहमी नुसता वाचतो, आज विचारतो. आमच्या मशीनमधल्या एका पिल्लाला एका बाजूला डोळाच नाही. पापणीची चीर आहे पण आत काही नाही, आणि चोचही कातरीसारखी वाकडी. रानवाट ताईंसारखं शेकून काही होईल का?

अंडेबाज
नाही होणार. तो डोळा तयारच झालेला नाही. डोळ्याची घडण अंडं लावल्यापासून पहिल्या काही दिवसांतच होते, तेव्हा मशीन तापलं किंवा आत हवा खेळती नसली तर डोळा लहान राहतो किंवा होतच नाही, चोच वाकडी होणं त्याच्याच जोडीला येतं. कधी कधी रक्ताच्या नात्यातल्या कोंबड्याकडून पिढ्यान्‌पिढ्या अंडी घेतल्यानेही होतं. पंखावालं मशीन असेल तर ३७.५ सेल्सिअस, एक डिग्री वर गेलेलं त्याला महागात पडतं. तुमचा थर्मामीटर दुसऱ्या, माणसाच्या तापाच्या थर्मामीटरशी ताडून बघा, स्वस्त कंट्रोलर बिनधास्त खोटं बोलतात. आणि शेवटच्या तीन दिवसांत अंडी फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा, आणि झाकण सारखं उघडून डोकवायचं नाही, आतली दमट हवा गेली की अंड्यातला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो, डोळ्यालाही.

निवृत्त_पशुधन
@कौलारू एक डोळा नसला तर जगेल. चोच किती वाकडी आहे त्यावर सगळं. थोडी असेल तर खोल भांड्यात ओलसर भरडा द्या, सपाट जमिनीवरचा दाणा त्याला उचलता येत नाही. चोच दिवसेंदिवस जास्त फाकत गेली आणि पोट रिकामं राहायला लागलं तर त्याला उपाशी झुरत ठेवण्यापेक्षा डॉक्टरांकडून शांतपणे सोडवलेलं बरं. हे लिहायला बरं वाटत नाही पण पाळणाऱ्याला हेही करावं लागतं.

कौलारू
समजलं सर. चोच सध्या थोडीच आहे. ओला भरडा करून बघतो.

डालगं
ह्या सगळा वाचून डोक्या फिरला माझा. आमच्या वेळेक कोंबडी रवणीक बसवली की काम संपला. पण बाय, तुझ्या पिलाचा डोळा कसो आसा आता?

रानवाट
काका, सुधारतोय! धुरकटपणा मधे राहिला नाही, कडेला एक पांढरा ठिपका दिसतो तिळाएवढा. त्या बाजूने बोट नेलं की पापणी मिटतं म्हणजे दिसत असावं थोडंतरी. डॉक्टरांनी परत पट्टी लावली तर हिरवं काही चमकलं नाही, थेंब बंद करायला सांगितले. ठिपका कायमचा राहू शकतो म्हणाले. जाळी काढलीये, बाकीच्यांत मिसळलं, दाण्यासाठी इतरांच्या अंगावरून चालत जातं इतकं धीट झालंय.
नाव तिळू ठेवलंय, मला विचारू नका कोणी ठेवलं.

शेवग्याची_सावली
तिळूचा फोटो हवाच! आणि आता पुढे डासांकडे लक्ष दे हां, कोकणात पावसाळ्यात कोंबड्यांना देवी येतात, पापण्यांवर फोड आणि खपल्या धरून डोळा बंद होतो. तो प्रकार वेगळा, त्याच्या खपल्या ओढून काढायच्या नाहीत. खुराड्याला मच्छरदाणीची जाळी मारून घे.

रानवाट
जाळी नवऱ्याला सांगितली. आता शेवटचा प्रश्न. मानमोडीची लस द्यायची वेळ आलीये, काकू म्हणतात डोळ्यात थेंब घालतात. तिळूला घालू का, आणि कुठल्या डोळ्यात? परत चिघळायचं नाही ना?

निवृत्त_पशुधन
मानमोडी म्हणजे राणीखेत, त्यावर लस चुकवायची नाही, लागण झाली तर खुराडं रिकामं होतं. पहिली लस लासोटा किंवा एफ-वन, पाचव्या ते सातव्या दिवशी, एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. तुमच्या बाकीच्यांना लगेच देऊन टाका. तिळूच्या चांगल्या, म्हणजे डाव्या डोळ्यात किंवा सरळ नाकपुडीत, उजव्यात नको. थेंब आत ओढला जाईपर्यंत पिल्लू धरून ठेवायचं. लसीनंतर दोन-तीन दिवस डोळ्याला थोडं पाणी आलं, एखादी शिंक आली तर घाबरू नका, ती लसीचीच असते. पिल्लू सुस्त असेल तर मात्र त्याचं चार-सहा दिवस पुढे ढकला. दुसरी लस आर-टू-बी, सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, ती टोचून.
अडचण एकच, कुपी शंभर-दोनशे मात्रांचीच येते आणि विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, बर्फात ठेवून. म्हणून वाडीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच दिवशी गोळा करा. दवाखान्यातून थर्मासमध्ये आणायची, खिशात घालून नाही.

रानवाट
काकूंकडची, आमची आणि वरच्या घरातली मिळून साठच्या वर होतात. गुरुवारी सकाळी ठरवलंय, थर्मास शाळेतल्या मॅडमकडचा मागून आणतेय.

कौलारू
गुरुवारी नक्की का? मी देवरूखला असतो, माझी पंधरा घेऊन येऊ शकतो. बर्फ मी आणतो.

रानवाट
या की. आठच्या आत या, नंतर पाऊस धरतो. पत्ता मेसेजमध्ये पाठवते.